फॉरमॅटमध्ये स्टोरी लिहूनही डेव्हलपर स्प्रिंट (ठरलेल्या काही आठवड्यांचा कामाचा टप्पा) संपेपर्यंत प्रश्न विचारत राहतात, युजर स्टोरी (सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला काय हवंय याची छोटी नोंद) नीट कशी लिहायची?

फॉरमॅटच्या मागे लागू नका. "युजर म्हणून मला अमुक हवंय, म्हणजे तमुक करता येईल" हे वाक्य लंडनच्या कनेक्स्ट्रा कंपनीतल्या टीमने २००१ च्या आसपास वापरायला घेतलं आणि मग जगभर लोक ते सरकारी फॉर्मसारखं भरत बसले. स्क्रम या कामाच्या पद्धतीचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडमध्ये तर युजर स्टोरीचा उल्लेखच नाही. त्याच २००१ मध्ये एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्या रॉन जेफ्रीजने स्टोरीच्या तीन गोष्टी सांगितलेल्या, कार्ड (छोटी नोंद), कन्व्हर्सेशन (त्यावर बोलणं), कन्फर्मेशन (काम झालं हे कसं तपासायचं ते ठरवणं). आपल्याकडे जिरा (Jira) या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड टाकलं की झालं, आणि उरलेल्या दोन्ही गोष्टी शेवटच्या दोन दिवसांत गळ्याशी येतात, तुम्हाला येणारे प्रश्न तेच.

समजा एसटीच्या ऑनलाइन बुकिंगचं काम आहे आणि स्टोरी आहे "युजर म्हणून मला सवलतीचं तिकीट काढता यावं". आता हा युजर कोण? महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढे फुकट. मग ६८ वर्षांच्या आजींना सिस्टीमने कुठली सवलत दाखवायची? आजोबांना बुकिंग करताना ७५ पूर्ण नाहीत पण प्रवासाच्या दिवशी होतात, तर? रिझर्व्हेशन चार्ज लागणार का? आणि पुणे-पणजी गाडी घेतली तर महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढचं भाडं पूर्ण, म्हणजे सरळ भागिले दोन केलं की हिशोब चुकला.

हे सगळं कोडिंगच्या आधी बाहेर यायला हवं. त्यासाठी तुम्ही, एक डेव्हलपर आणि एक टेस्टर अर्धा तास बसा आणि टेस्टरला आधी बोलू द्या (हे लोक पाहुण्यासारखे गप्प बसतात नाहीतर). जे ठरेल ते अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियात (काम पूर्ण मानायच्या अटींत) आकड्यांसकट लिहा, "सवलत बरोबर लागावी" असलं काही नको. "हद्दीपर्यंतचं भाडं ६०० आणि पुढचं १०० असेल तर महिलेला ४०० दिसावेत" असं लिहिलं की कोणी विचारायला येत नाही (आकडे मी मनाने घेतलेत).

स्टोरी मोठी झाली तर एक डेटाबेसची, एक एपीआयची (सिस्टीम एकमेकांशी बोलतात तो भाग), एक स्क्रीनची असे तुकडे पाडू नका, कारण त्यातलं एकटं काहीच प्रवाशाच्या कामाचं नाही आणि डेमोला दाखवायला पण काही नसतं. आधी फक्त राज्यातल्या राज्यात एकटी महिला, तिकीट हातात येईपर्यंत. मग एकाच बुकिंगमध्ये आजी, नातू, सून असे मिक्स प्रवासी, हद्दीचा घोळ त्यानंतर.

आणि लायब्ररी (वापरलेला तयार कोड) अपग्रेड करण्यासारख्या कामाला "डेव्हलपर म्हणून मला" लिहायचा अट्टहास कशाला, सरळ टास्क टाका.