सड्यावरचे नक्षीदार गवत

प्रश्न : आमच्या गावच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) चतुर्थीनंतर वीत-दीड वीत उंचीचे गवत दाटते. कोणी ते 'ग्लायफोक्लोआ' असावे असे म्हणाले. घरी आणून वाळवले तर कणसाचे तुकडे तुकडे झाले. खात्री कशी करावी?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : तुकडे झाले, ही अनुकूल खूण आहे, ते फेकू नका. या प्रजातीचे (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) कणीस पिकले की सांध्यासांध्यावर तुटते. प्रत्येक तुकड्यावर कणिशकांची (कणसातल्या छोट्या फुलगुच्छांची) जोडी असते, एक बिनदेठाचे आणि एक देठाचे. दहापट भिंगाखाली बिनदेठाच्या कणिशकाचे बाहेरचे तुष (टरफल) पाहा. ते कडक असून त्यावर उंचवटे, खळगे किंवा सुरकुत्या कोरल्यासारख्या दिसतात. ग्रीक भाषेत 'ग्लिफे' म्हणजे कोरीव काम आणि 'क्लोआ' म्हणजे गवत. गवतांचे अभ्यासक क्लेटन यांनी 1981 मध्ये या प्रजातीला हे नाव दिले.

मात्र नुसत्या सुरकुत्यांवर विसंबू नका. भातशेतात वाढणाऱ्या इस्कीमम रुगोसम या गवताच्या तुषावरही आडव्या वळ्या असतात, आणि फसगत होते ती इथेच. इस्कीममची दोन कणसे एकमेकांना चिकटून एकच असल्यासारखी दिसतात; नखाने हलकेच उकलली की वेगळी होतात. शिवाय त्याचे गुडघ्यासारखे वाकलेले कुसळ कणिशकाच्या आतून निघते. ग्लायफोक्लोआचे कणीस एकेकटे असते आणि कुसळासारखी शेपटी असलीच तर ती तुषाच्याच टोकाला फुटते. सड्यावरच्याच डायमेरिया या दुसऱ्या गवतात सांध्यावर एकच कणिशक असते, जोडी नसते.

प्रजाती ओळखता आली तरी जात फोटोवरून ठरवू नका. गोव्याचे नाव लाभलेली ग्लायफोक्लोआ गोआएन्सिस आणि तिच्या बहिणी यांच्यातला फरक तुषाची नक्षी आणि टोक यांतच आहे. कणीस पुरते बाहेर आले पण अजून तुटू लागले नाही, अशी दोन-तीन रोपे मुळांसकट घ्या, जास्त नकोत. बहुतेक जाती वर्षायू आहेत. यंदा गळलेले बी हेच पुढच्या पावसातले गवत. रोपे वर्तमानपत्रात दाबा आणि पहिले चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. सुटलेली कणिशके कागदी पुडीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो. गाव, तारीख आणि जागा (उघडा कातळ, पाणी साचणारा खळगा की मातीचा पट्टा) त्याच दिवशी लिहा. नमुना भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्रातल्या वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहता येतो.

प्रश्न : सडा नापीक दिसतो. त्यावर माती पसरून झाडे लावली तर हे गवतही जोमाने वाढेल ना?
– एक वाचक, सांगे

उत्तर : नाही, माती पसरू नका. हे गवत कातळाच्या भेगांतल्या बोटभर मातीत टिकते, कारण तिथे उंच गवतांना मूळ धरता येत नाही. माती वाढली की तीच गवते शिरतात, वर सावली पडते आणि वीतभर रोप ऊन मिळण्याआधीच मागे पडते. ही प्रजाती भारतीय द्वीपकल्पाबाहेर नैसर्गिकरीत्या कुठेच आढळत नाही आणि तिचा मोठा भाग असल्याच कातळांवर आहे. झाडे हवीच असतील तर ती सड्याच्या उतारावर, मुळात माती असेल तिथे लावा.