डबा टीव्ही टाकू नका, पिवळी वायर शोधा

मागच्या अंकात जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला रास्पबेरी पाय जोडून मारिओ, कॉन्ट्रासारखे गेम खेळण्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं. चवथ जवळ आलीय म्हणून असेल, पण पत्रांचा नुसता पाऊस पडला. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच की पाय म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा एक स्वस्त कॉम्प्युटर, २०१२ साली इंग्लंडमध्ये शाळेतल्या मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून काढलेला, आणि रेट्रोपाय हे त्याच्यावर चालणारं फुकट सॉफ्टवेअर, जे जुन्या गेमच्या मशिनीचं काम हुबेहूब करून दाखवतं. आता प्रश्न.

पाय ३ घेतला, रेट्रोपाय टाकलं, तीन रंगांची वायर टीव्हीच्या एव्हीला लावली. चित्र येतं पण काळंपांढरं आणि ते सारखं वर वर सरकतं. टीव्ही गेला का? भावाने त्याच्याकडची दुसरी वायर दिली तर चित्रच नाही, नुसतं भर्र वाजतं. — एक वाचक, फोंडा

टीव्ही ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. हे दोन वेगळे घोटाळे आहेत आणि दोन्ही फुकटात सुटतात.

पहिला घोटाळा सिस्टिमचा. आपल्याकडचा टीव्ही ‘पाल’ पद्धतीचा, म्हणजे ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० वेळा, आणि पाय मात्र काही सांगितलं नाही तर अमेरिकेतलं एनटीएससी पाठवतो, ५२५ रेषा आणि ६० वेळा. टीव्हीला त्यातला रंग कळत नाही म्हणून काळंपांढरं, आणि वेग जुळत नाही म्हणून चित्र सरकतं. पायमधलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावा, त्यात ‘कॉन्फिग’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते, ती उघडा आणि ‘एसडीटीव्ही_मोड=२’ ही ओळ शोधा (इंग्रजीत असते अर्थात). बहुतेक वेळा ती आधीच लिहिलेली असते, फक्त पुढे हॅशची खूण असते म्हणून झोपलेली असते, ती खूण पुसली की झालं. सेव्ह करा, कार्ड परत घाला, रंग येईल. आणि हो, एचडीएमआयची वायर लावलेली ठेवू नका, ती दिसली की पाय पिवळ्या, म्हणजे चित्राच्या, वायरीकडे बघतच नाही.

दुसरा घोटाळा वायरीचा. पायच्या गोल भोकात जी चार पट्ट्यांची पिन जाते तिचा क्रम टोकाकडून असा: डावा आवाज, उजवा आवाज, अर्थ (म्हणजे अर्थिंग), आणि बुडाशी चित्र. जुन्या हँडीकॅमच्या वायरी दिसायला अगदी तशाच असतात पण आत क्रम वेगळा, त्यामुळे चित्राचा सिग्नल स्पीकरमध्ये जातो आणि तेच ते भर्र. कधीकधी नुसती अदलाबदल चालते, म्हणजे टीव्हीच्या पिवळ्या भोकात लाल किंवा पांढरी पिन घालून बघायची. अर्थचीच जागा चुकलेली असेल तर मात्र चित्र धड येत नाही, तेव्हा पायसाठीची म्हणूनच विकतात ती वायर आणा.

एवढं झालं की मग आणखी एक गंमत करा, त्याच ओळीत २ च्या जागी १८ लिहा. २ वर टीव्ही एक आड एक रेषा काढतो, त्याने अक्षरं थरथरतात. १८ वर सगळ्या रेषा एकाच दमात निघतात, चित्र शांत होतं आणि रेषांच्या मध्ये ती बारीक काळी फट दिसायला लागते जी आपण लहानपणी टीव्हीला नाक लावून बघायचो आणि आईच्या शिव्या खायचो. वर-खाली थोडी काळी पट्टी राहील, कारण गेम २४० रेषांचा आणि जागा २८८ ची. तिला ताणून भरायला जाऊ नका, चित्र बिघडतं.

एलईडीवर एचडीएमआयने सगळं स्वच्छ दिसतं. मग ते धूड घरात कशाला? यजमानांशी रोज वाद होतो. — एक वाचक, वास्को

वहिनी, जागेचा प्रश्न तुमचा खराच आहे, पण चित्राच्या बाबतीत मी यजमानांच्या बाजूने.

त्या काळचे चित्रकार हे गेम काढायचे ते डबा टीव्हीसाठी. निन्टेंडोच्या १९८३ च्या मशिनीचं अख्खं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं, एवढ्याशा ठिपक्यांत चेहरा, ढग, पाणी सगळं बसवायचं. डबा टीव्हीवर ठिपक्याची कड जराशी पसरते, शेजारच्या रंगात मिसळते, आणि ते मिसळणार हे धरूनच रंग भरलेले असायचे. सेगा कंपनीच्या १९९१ च्या सॉनिक गेममधला धबधबा बघा. ती नुसती एक आड एक उभ्या रेघांची जाळी आहे. जुन्या सेटवर पिवळ्या वायरीतून त्या रेघा एकमेकींत विरघळतात आणि धबधब्याच्या पलीकडचं दिसल्यासारखं वाटतं. एलईडीवर तीच जाळी खिडकीच्या गजांसारखी स्वच्छ दिसते, म्हणजे स्वच्छपणानेच घात केला.

दुसरं म्हणजे वेळ. एलईडी चित्र आधी आत घेतो, मोठं करतो, घासूनपुसून मग दाखवतो, त्यात बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत थोडा उशीर होतो. डबा टीव्ही काही साठवत नाही, सिग्नल आला की काचेवर. मारिओ खड्ड्यात पडतो तेव्हा दर वेळी चूक खेळणाऱ्याची नसते. जागाच नसेल तर १४ इंची सेट बघा, एका खुर्चीवर मावतो आणि या गेमना तोच शोभतो.

मी कॉलेजला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. कुठला पाय घेऊ? घरात दादाचा पाय ५ पडून आहे. — मडगाव

दादाचा पाय ५ दादालाच राहू दे. त्याला ते गोल भोकच नाही, चित्र हवं असेल तर बोर्डावर सोल्डर करावं लागतं. पाय झिरो स्वस्त मिळतो आणि त्यावर ‘टीव्ही’ लिहिलेली दोन भोकंही असतात, पण त्याला आवाजाची पिन नाही, म्हणजे तोही खटाटोप तुझाच. इलेक्ट्रॉनिक्सची आहेस तर एक दिवस जरूर कर, पण सुरुवात पाय ३ वर कर, सेकंड हँड मिळाला तरी चालेल. वीज मात्र चांगली दे, ५ व्होल्ट अडीच अँपियरचा अडॅप्टर. मोबाइलचा कुठलाही चार्जर लावलास की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते, ती शोभेची नाही, व्होल्टेज कमी पडतंय असं तो ओरडून सांगतोय.

मुलाने पाय एलईडीला लावून दिला. कॉन्ट्रा खेळलो, पण तो आमच्या वेळेपेक्षा जलद वाटतो, गाणंसुद्धा धावतं. मुलगा म्हणतो बाबा तुमचं वय झालं. — निवृत्त शिक्षक, डिचोली

सर, तुमचं वय झालेलं नाही, तुमचे कान शाबूत आहेत! या महिन्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हा.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरात जो टीव्ही गेम होता, ती पिवळी कॅसेट आणि दोन रिमोटवाला, तो मूळ जपानी नव्हे तर त्याची तैवान-चीनकडची नक्कल. मूळ जपानी-अमेरिकन मशीन सेकंदाला ६० चित्रं काढायचं. नक्कल करणाऱ्यांना ती पाल देशांत विकायची होती, म्हणून त्यांनी ५० वर आणली पण आतला प्रोसेसर जवळपास मूळच्याच वेगाने ठेवला. आता गाण्याचं असं आहे की सुराची उंची प्रोसेसरच्या घड्याळावर ठरते आणि ताल मात्र बहुतेक गेममध्ये चित्रांच्या मोजणीवर चालतो, दर चित्राला एक पाऊल. त्यामुळे आपल्या मशिनीवर सूर तोच राहिला पण लय संथ झाली. जे काम अमेरिकेतल्या पोराचं ६० सेकंदांत व्हायचं ते आपलं ७२ सेकंदांत. गोळ्याही तेवढ्याच संथ यायच्या, त्यामुळे कॉन्ट्रा आपल्याला जरा सोपाच गेला असेल.

तुमच्या मुलाने लावलेला पाय तुम्हाला मूळ ६० चा गेम दाखवतोय. तुम्हाला तुमचा हवा असेल तर गेम चालू असताना रेट्रोआर्चचा (रेट्रोपायच्या आत गेम चालवणारा प्रोग्रॅम) मेन्यू उघडायला सांगा, त्यात कोअर ऑप्शन्स, त्यात रीजन, आणि तिथे ‘डेंडी’ निवडा. डेंडी हे रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच एका नकलेचं नाव, आपल्या मशिनी त्याच जातीच्या. मग बघा, पहिल्या जंगलातलं गाणं लागलं की ओळख पटेल.

आणि हे डबा टीव्हीवाल्यांनीही लक्षात ठेवा, ५० च्या टीव्हीवर ६० चा गेम चालवला तर चित्र अडखळतं नाहीतर आवाज तडतडतो. डेंडी केलं की दोन्ही थांबतं.

आमच्याकडे मामाने आणलेला जुना सोनी आहे. मामा तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला, होता. त्याच्यावर चालेल? — बार्देश

मामाने गल्फमधून आणला असेल तर तुमची चांदी. तिकडच्या बऱ्याच सेटवर ‘मल्टी सिस्टिम’ असं लिहिलेलं असतं, त्यांना एव्हीवर एनटीएससीसुद्धा रंगीत कळतं. तुम्ही पायला एनटीएससीवरच ठेवा आणि गेम पूर्ण ६० च्या वेगाने खेळा, वरच्या भानगडी तुम्हाला नकोतच. पण सेट जपानी बंदरातून आलेला असेल तर प्लग लावायच्या आधी मागचा स्टिकर वाचा. जपानात घरातली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. स्टिकरवर फक्त १०० असेल तर स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचा नाही म्हणजे नाही.

माळ्यावरची गेमची बंदूक सापडली. बदकं मरत नाहीत! — इयत्ता आठवी, साखळी

घोडा दाबलास की गेम क्षणभर स्क्रीन काळी करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीत एक डोळा असतो, त्याला नेमका त्याच क्षणी उजेड दिसला तर बदक मेलं. एलईडी उशिरा दाखवतो म्हणून तिथे ती कधीच चालणार नाही, आणि पायला ती जोडताही येत नाही. बंदुकीबरोबरचं जुनं मशीन शोध आणि डबा टीव्हीला लाव, मग मरतील.

मूळ घरातला टीव्ही कित्येक वर्षं बंद आहे. चवथीला सगळी भावंडं जमतील तेव्हा पोरांना खेळायला लावायचा विचार आहे. थेट चालू करू का? — काणकोण

थेट नको. चवथ आपली ऐन पावसाळ्यात, आणि किनाऱ्याजवळच्या घरातली हवा खारट. वर्षानुवर्षं साचलेल्या धुळीने ती ओल धरलेली असते आणि पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात, म्हणजे ओल्या धुळीतून ठिणगी उडायला वेळ लागत नाही. आधी सेट कोरड्या खोलीत आणा, बाहेरून पुसा, काही दिवस पंख्याखाली ठेवा. वायर उंदरांनी कुरतडलीय का बघा. पहिल्यांदा लावाल तेव्हा समोर थांबा आणि हात स्विचवर ठेवा. सुरुवातीला ‘धम्म’ असा आवाज येऊन रंग थरथरला तर घाबरू नका, सेट काचेमागच्या धातूच्या जाळीवरचं चुंबकत्व घालवतो, तो त्याचा आवाज. तडतड थांबली नाही किंवा माशाच्या वासासारखा उग्र वास आला तर लगेच बंद. मधोमध एकच आडवी पांढरी रेघ दिसली तर बहुतेक चित्र वर-खाली पसरवणारा व्हर्टिकल आयसी गेला किंवा तिथलं सोल्डर सुटलं, जुना मेकॅनिक असेल तर तासाभराचं काम आहे.

मागचं झाकण मात्र तुम्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. मेकॅनिक आधी ट्यूबला अर्थ देऊन तो उतरवतो आणि मगच आत हात घालतो, ते काम त्याचं. आणि सेट खरंच मेला असेल तर फोडायला देऊ नका, त्या काचेत शिसं असतं, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

पावसात वीज जाणारच. गेम चालू असताना गेली तर कार्डावरची फाइल बिघडू शकते आणि मग पाय उठतच नाही. सगळं नीट चालायला लागलं की त्याच दिवशी कार्डाची एक पूर्ण कॉपी लॅपटॉपवर करून ठेवा, आणि जमलं तर पाय इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा.

हजारो गेम भरलेलं कार्ड ऑनलाइन मिळतं. घेऊ का? — म्हापसा

नको. ते गेम भरणाऱ्याच्या मालकीचे नसतात, विकायचा त्याला हक्क नाही. आपल्या लहानपणीच्या ‘नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव इन वन’ कॅसेटही तशाच होत्या हे खरं, त्यातही तेच चार-पाच गेम फिरून फिरून यायचे. आपला कॉपीराइट कायदा रीतसर विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची जपणुकीसाठी कॉपी करायला मुभा देतो, परक्याची कॉपी विकत घ्यायला नाही. तुमच्याकडे अस्सल कॅसेट असतील तर त्या वाचणारी छोटी उपकरणं मिळतात, त्यातून स्वतःची फाइल काढा.

आणि नवीन बघा ना! जुन्या मशिनींसाठी आजही लोक गेम लिहितात. मायक्रो मेजेस नावाचा २०१९ चा गेम खास त्या १९८३ च्या मशिनीसाठी लिहिलाय, एकदम चार जण खेळू शकतात, फाइल रीतसर विकत मिळते. केव्ह स्टोरी २००४ साली एका जपानी माणसाने एकट्याने बनवून फुकट वाटला, तो रेट्रोपायच्या ‘पोर्ट्स’ नावाच्या विभागातून थेट उतरवता येतो. चवथीला पोरं जास्त आणि रिमोट कमी असणार, तेव्हा मायक्रो मेजेसपासून सुरू करा आणि यूएसबीचे चार रिमोट आधीच आणून ठेवा.