छोट्या घरात रग हुकिंग : डिझाइन स्वतःचं कसं करायचं आणि सामान कुठे ठेवायचं?

तुम्ही विचारलंय की नुकतेच कॅनडात, न्यू ब्रन्सविकमधल्या माँक्टनला आलोय, एका बेडरूमचं अपार्टमेंट आहे, लायब्ररीत रग हुकिंगचा (ताणलेल्या कापडातून हुकने लोकरी पट्ट्यांचे लूप वर ओढून रग करतात तो) ग्रुप बघितला आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे, विकतचे पॅटर्न नकोत, स्वतःचं डिझाइन करायचंय, ते कसं करतात आणि एवढ्याशा घरात लोकर (म्हणजे लोकरी कापड), फ्रेम, कटर (त्या कापडाच्या पट्ट्या कापायचं यंत्र) हे सगळं मावणार कुठे.

मी डार्टमथला राहते, हॅलिफॅक्सच्या समोर, अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं हुकिंग करतेय आणि माझीही सगळी मांडामांड बेडरूमच्या खिडकीपाशी साधारण पाच बाय सात फुटांत आहे. माझ्या अनुभवाने सांगते, तुमचे हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. लोकर कपाटात कशी लावता त्यावर डिझाइन जमणार की फसणार ते ठरतं. मला हे कळायला एक अख्खा हिवाळा लागला.

पहिला मोठा रग करायला घेतला तेव्हा मी पैठणीचा मोर काढला होता. दोन बाय तीन फूट, मोरपंखी निळा मोर आणि मागे डाळिंबी रंग, आईच्या पैठणीत आहे अगदी तसा. नोव्हेंबर ते मार्च रोज संध्याकाळी तासभर बसायचे. पूर्ण झाला, इस्त्री केली, दाराशी अंथरला आणि सोफ्यावरून बघितलं तर मोर दिसेचना. जवळून छान दिसायचा, पण चार पावलं मागे गेलं की सगळा एकच गडद चौकोन. मला हे शिकवणाऱ्या शेजारच्या आजी आल्या, त्यांनी काही न बोलता माझा फोन घेतला, फोटो काढला, तो ब्लॅक अँड व्हाइट केला आणि माझ्या हातात दिला. फोटोत मोर नव्हताच. निळा आणि डाळिंबी हे रंग म्हणून एकमेकांपासून कितीही लांब असले तरी गडदपणाला दोन्ही सारखेच होते. पैठणीत ते चालतं कारण तिथे जर असते आणि रेशमाला चकाकी असते, ती कडा वेगळ्या काढून दाखवते. लोकर उजेड पिऊन टाकते, तिच्यात फक्त फिकं आणि गडद एवढंच लांबून कळतं.

मग मी मागचा सगळा डाळिंबी रंग उसवला (हुकिंगमध्ये गाठ नसते, पट्टीचं टोक धरून ओढलं की लूप सरसर निघतात आणि तीच पट्टी परत वापरता येते, त्यामुळे चुकायची भीती बाळगू नका) आणि तिथे ताकाच्या रंगाची, थोडी कमीजास्त पिवळट अशी चारपाच कपड्यांची लोकर घातली. मोर दिसायला लागला. त्याच आठवड्यात कपाटही उपसलं. आधी निळे एकीकडे, लाल एकीकडे असं लावलेलं होतं, दिसायला फार सुंदर. ते मोडून पाच कप्पे केले, सगळ्यात वरच्यात एकदम फिकी लोकर मग ती कुठल्याही रंगाची असो, सगळ्यात खाली एकदम गडद, मधे तीन पायऱ्या. आता डिझाइन करताना मी म्हणते की मोर खालून दुसऱ्या कप्प्यातला आणि मागचा भाग वरच्या कप्प्यातला, मग त्या कप्प्यातला कुठलाही रंग उचलला तरी काम होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या तर निदान दोन कप्प्यांचं अंतर हवं, एवढा एकच नियम मी पाळते. शंका आली की फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचा.

आता डिझाइन कागदावरून कापडावर कसं आणायचं ते. इंस्टाग्रामवर जे टफ्टिंग गन किंवा पंच नीडलचं दिसतं ते वेगळं, त्यात मागच्या बाजूने काम करतात. आपल्या यात डिझाइन वर, आपल्याकडे तोंड करून असतं, एक हात वर हुक धरतो आणि दुसरा हात कापडाखाली लोकरीची पट्टी धरतो, हुक भोकातून खाली घालायचा आणि पट्टीचा लूप वर ओढायचा, बस्स. म्हणून चित्र उलटं काढायची भानगड नाही, पण चित्राला जाडी असते हे डोक्यात ठेवावं लागतं. नवीन माणसाला आठ नंबरची पट्टी देतात, म्हणजे पाव इंच रुंद (हे नंबर इंचाच्या बत्तिसाव्या भागात असतात, तीन नंबर म्हणजे ३/३२ इंच, सहा म्हणजे ६/३२). आता पाव इंची पट्टीने काढलेली सगळ्यात बारीक रेघसुद्धा पाव इंच जाड होणार. आपण लहानपणापासून रांगोळी काढलेली, हात बारीक रेषेला सरावलेला, त्यामुळे पहिल्या डिझाइनमध्ये आपण हमखास वेलबुट्टी, कुयरीच्या आत कुयरी, मोराच्या डोळ्यात ठिपका असं करतो आणि ते सगळं लोकरीत गोळा होऊन बसतं. इंचापेक्षा लहान गोल आठ नंबरात काढूच नका.

मी काय करते, वर्तमानपत्राचे आकार कापते. पेन्सिलने काढत बसत नाही, सरळ कात्री. कात्रीने फार बारकावा करताच येत नाही, त्यामुळे आकार आपोआप हुक करण्याजोगे होतात. ते जमिनीवर हव्या त्या मापात मांडायचे, दोन दिवस तसेच राहू द्यायचे, जाता येता सरकवायचे. पहिल्या रगला मी वारली सुचवीन, कारण गेरूवर पांढरं म्हणजे फिक्या-गडदाचा प्रश्नच मिटला, शरीराचे दोन त्रिकोण भरायला सोपे, आणि हातपाय म्हणजे लूपची एकच ओळ. फक्त माणसं निदान आठ इंच उंच घ्या. आणि पूर्ण तारपा नाच घेऊ नका, तीन माणसं पुरेत.

कापड, म्हणजे ज्यावर हुक करायचं ते. हा भाग मला फार जवळचा वाटतो म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. ही कला या किनाऱ्यावर, म्हणजे अमेरिकेतलं मेन आणि कॅनडातलं नोव्हा स्कोशा, न्यू ब्रन्सविक, न्यूफाउंडलंड इथे एकोणिसाव्या शतकात फोफावली, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपलं गोणपाट. बंगालचा ताग डंडीच्या आणि पुढे कलकत्त्याच्या गिरण्यांत विणला जायचा, धान्याची आणि गुरांच्या खाद्याची पोती होऊन जगभर जायचा, आणि इथल्या बायका ती रिकामी पोती उसवून, धुऊन फ्रेमवर ताणायच्या आणि घरातल्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या त्यात ओवायच्या. आपली आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत होती आणि इकडे कुणीतरी आपल्याच देशातल्या बारदानावर नवऱ्याच्या फाटक्या कोटाचा रग करत होती. माझ्या आजीला हे सांगता आलं असतं तर तिने किती प्रश्न विचारले असते. १८६० च्या दशकात मेनमधल्या बिडफर्डच्या एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट नावाच्या फेरीवाल्याने पत्र्याचे साचे कापून पोत्यांवर डिझाइन छापून विकायला सुरुवात केली, म्हणजे विकतचे पॅटर्नही तितकेच जुने आहेत, आणि तेव्हाही बायका त्यात आपल्या मनाने बदल करायच्याच.

पण तुम्ही गोणपाट घेऊ नका. ताग वर्षं जातील तसा कोरडा होऊन तुटतो, जुने रग घडीवर चिरलेले दिसतात ते म्हणूनच. इतकी मेहनत घालायची तर लिनन घ्या, महाग वाटलं तर मंक्स क्लॉथ (सैलसर विणीचं सुती कापड). चारी बाजूंनी चार इंच जास्त सोडा, कडेला मशीनने झिगझॅग मारा, आणि बाहेरची चौकट काढताना पट्टी लावू नका, पेन्सिल दोन धाग्यांच्या मधल्या खाचेत टेकवून ओढत न्या, ती आपोआप धाग्याला धरून सरळ जाते. चौकट धाग्याला तिरकी गेली तर रग जन्मभर तिरका दिसतो. मग वर्तमानपत्राचे आकार ठेवून मार्करने गिरवायचे, मार्कर पाण्याने न पसरणारा घ्या, नाहीतर शेवटी वाफेची इस्त्री करताना शाई लोकरीत चढते.

हुक करताना आधी आकार, मग त्याच्याभोवती मागच्या रंगाची एक ओळ, मग उरलेला भाग. आकाराची कड रेषेच्या आतून घ्यायची, रेषेवरून घेतली की मोर जाड होत जातो. लूपची उंची पट्टीच्या रुंदीइतकी. पट्टीची दोन्ही टोकं वर काढायची आणि लूपच्या उंचीला कापायची, खाली लोंबकळत ठेवायची नाहीत. आणि प्रत्येक भोकात लूप घालू नका! लूप एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. मी पहिली उशी इतकी गच्च भरली होती की फ्रेमवरून काढल्यावर ती पापडासारखी वळली, इस्त्रीनेही बसली नाही. मधूनमधून पाठ उलटून बघा, मागे पट्टी एकावरून दुसरी ओलांडून गेलेली नको, आणि थोडं कापड दिसत असेल तर ते बरोबर आहे.

लोकर किती लागेल, तर लोकरी कापड चार पदरी घडी करून त्या आकारावर ठेवायचं, आकार झाकला गेला तर पुरेल. तुमचा हात गच्च असेल तर पाच पदरी धरा. लोकर थ्रिफ्ट स्टोअरमधून आणा, बायकांचे लोकरी स्कर्ट सगळ्यात चांगले, कापड भरपूर आणि शिवण कमी. लेबलवर शंभर टक्के लोकर लिहिलेलं बघा. पुरुषांचे गुळगुळीत सूट टाळा, ते कापड पातळ आणि घट्ट पिळाचं असतं, पट्टी कापली की धागे सुटतात. घरी आणल्यावर आधी गरम पाण्यात मशीनला लावायचं आणि मग ड्रायरमध्ये, म्हणजे ते आटून जाड होतं आणि मग पट्टीच्या कडा उसवत नाहीत.

आणि कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. हे कृपा करून मनावर घ्या. एकदा मी एक सुंदर राखाडी ओव्हरकोट आणला, घाई होती म्हणून न धुता तसाच कपाटात ठेवला, दोन महिन्यांनी उघडलं तर त्याच्या शेजारच्या तिन्ही कपड्यांना भोकं. तेव्हापासून घरात आलेली लोकर आधी धुतली जाते, लगेच धुणं शक्य नसेल तर पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये, आणि कप्प्यातली प्रत्येक लोकर पारदर्शक झिपच्या पिशवीत, उभी, पुस्तकांसारखी. उभी ठेवली की एक काढताना बाकीची ढासळत नाही आणि जागाही निम्मी लागते.

तुमच्या जागेबद्दल एवढंच सांगेन की उभी मोठी फ्रेम घेऊ नका, मांडीवर बसणारी घ्या, तिच्या काठांना बारीक तारांच्या पट्ट्या असतात त्यावर कापड ताणून बसतं, काम संपलं की उचलून भिंतीला टेकवायची. तिच्यावर जुना टॉवेल टाकून ठेवा, त्या तारा हाताला फार लागतात. कटर टेबलाच्या कडेला घट्ट बसवता येतो, पण त्यातून बारीक लोकरीची धूळ उडते, म्हणून बिछान्याजवळ नको, आणि स्वयंपाकघरातही नको कारण फोडणीचा वास लोकरीत असा बसतो की रग कुणाला भेट द्यायची सोय राहत नाही. मी कटर बाल्कनीच्या दाराशी लावते, एका बैठकीत आठवड्याच्या पट्ट्या कापते आणि लगेच व्हॅक्यूम. लोकर रंगवणार असाल तर ते पातेलं कायमचं वेगळं, त्यात परत कधीही स्वयंपाक नाही. दिवा डावीकडून, तुम्ही डावखुऱ्या असाल तर उजवीकडून, आणि बल्ब पांढऱ्या उजेडाचा, पिवळ्या बल्बखाली निवडलेले रंग सकाळी वेगळेच दिसतात. अर्धवट रग घडी घालू नका, लूप बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा.

उरलेल्या पट्ट्या, ज्यांना इथल्या बायका वर्म्स म्हणतात, त्या मी पाच काचेच्या बरण्यांत ठेवते, त्याच पाच पायऱ्यांनी. मागचा भाग भरताना एकाच कपड्याची लोकर वापरण्यापेक्षा त्या बरणीतून न बघता हाताला येईल ती पट्टी घेतली तर तो भाग जिवंत दिसतो, पायरी एकच असल्यामुळे डोळ्याला खुपत नाही. न्यूफाउंडलंड-लाब्रेडॉरमध्ये डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेलच्या वैद्यकीय मिशनसाठी बायकांनी जे मॅट (हुक केलेले छोटे रग) केले, जुन्या रेशमी स्टॉकिंग रंगवून, त्यात आकाश आणि बर्फ नुसत्या सरळ आडव्या ओळींत भरलेलं असतं, आणि छटांच्या जराशा फरकाने ते केवढं खोल दिसतं. कुठे म्युझियममध्ये बघायला मिळाले तर काचेजवळ जाऊन बघा.

शेवटी कड लोकरीच्या धाग्याने गुंडाळून शिवायची, आतून सुती दोरी घालून, कारण पाय पहिल्यांदा कडेलाच घासतात. आणि कोपऱ्यात आपलं अक्षर आणि साल घालायची इथे जुनी पद्धत आहे. देवनागरी यात इतकी छान बसते की मला आश्चर्य वाटलं होतं. शिरोरेषा म्हणजे धाग्याला धरून लूपची एक सरळ ओळ, ती आधी पूर्ण करायची, मग अक्षरं तिला खाली लटकवायची. पट्टी तीन किंवा चार नंबरची घ्या, अक्षर दीड-दोन इंचाचं, आणि रंग मागच्या भागापासून दोन कप्पे लांबचा.