बर्फ वितळायच्या दिवसांत, पावसात, बारा दिवसांचा ट्रेक करायचा आहे. कोणतं जॅकेट घ्यावं आणि रोज किती किलोमीटर धरावेत?

जॅकेट चांगलं घ्या, पण त्याच्या भरवशावर आखणी करू नका. दिवसभर संततधार लागली आणि पाठीवर ओझं घेऊन चढ चढायचा असला, तर कोणतंही जॅकेट आतून ओलं होतंच. पावसाने नाही, तर घामाने. दिवसा भिजणार हे मी धरूनच चालते. जपायची ती रात्र: स्लीपिंग बॅग, रात्री घालायचे कोरडे कपडे आणि लोकरीच्या मोज्यांचा एक जोड. यातलं काहीही दिवसा बाहेर काढायचं नाही. सकाळी कितीही जिवावर आलं तरी कालचे ओले मोजेच पायात चढवायचे. काटा येतो अंगावर, पण थोडं चाललं की पाय तापतात.

हे मला रेनकव्हरने शिकवलं. पहिल्या मोठ्या ट्रेकमध्ये तिसऱ्या रात्री स्लीपिंग बॅग उघडली, तर पायाकडचा भाग चिंब. पाठ आणि सॅक यांच्या फटीतून पाणी ओघळत तळाशी उतरलं होतं, आणि तेवढीच बाजू रेनकव्हर झाकत नाही. बॅग पिसांची होती. पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब राहत नाही. गुडघे पोटाशी घेऊन पहाटेची वाट पाहिली. तेव्हापासून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी असते, तोंड पिळून दुमडलेली. ओल्या हंगामाला कृत्रिम धाग्यांची बॅग बरी. जड असते, पण भिजली तरी थोडीफार ऊब देते.

पाच-दहा अंश तापमान, पाऊस आणि वारा एकत्र आले की ते कोरड्या थंडीपेक्षा घातक. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की जिवावर बेतू शकतं. सोबत्याला चेन लावता येईना, बोलताना जीभ अडखळायला लागली, की लगेच थांबा, तंबू लावा, कोरडे कपडे घाला. अंग गार असूनही हुडहुडी थांबली, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही. मदत मागवा.

आता किलोमीटर. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा हिशोब अजून कामाला येतो: सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. चिखल आणि ओझं धरून मी त्या वेळेत निम्मी भर घालते. बारा दिवसांत दोन दिवस मोकळे सोडा, दीड दिवसाचा शिधा जास्त घ्या आणि मधेच खाली उतरता येईल अशा वाटा नकाशावर आधीच खुणा करून ठेवा.

मुक्काम ओढ्यांकडे बघून ठरवा. वितळत्या बर्फाचं पाणी दुपारनंतर चढतं आणि पहाटे सर्वांत कमी असतं. म्हणून ओढ्याच्या अलीकडे, काठापासून उंचावर तंबू टाकायचा आणि उजाडताच ओलांडायचं. पाण्यात शिरण्याआधी सॅकचा कमरपट्टा सोडा. पाय घसरला तर सॅक टाकता आली पाहिजे. पाणी गढूळ, वेगाचं आणि गुडघ्याच्या वर असेल तर उतरूच नका. ते दोन मोकळे दिवस याचसाठी.

निघण्याआधी एकदा भर पावसात तंबू लावून बघा. गार पडलेल्या बोटांना जी गाठ सुटत नाही, ती घरीच बदलून टाका.