बेचिराख गावाचा माग

प्रश्न : आमच्या आजोळच्या शेताच्या सातबाऱ्यावर गावाचे जे नाव आहे, त्या नावाचे गाव आसपास कोठेही नाही, आजोळची माणसे पूर्वीपासून शेजारच्या गावात राहतात. ‘ते बेचिराख गाव आहे’ एवढेच तलाठ्यांनी सांगितले. हे गाव कोणी जाळले होते का? त्याचा इतिहास कसा शोधावा?

उत्तर : ‘बेचिराख’ म्हटले की जळकी घरे डोळ्यांसमोर येतात आणि रूढ मराठीत त्या शब्दाचा अर्थही तसाच झाला आहे, महसुली दप्तरात मात्र तो आपला मूळ फारसी अर्थ (बे-चिराग, म्हणजे दिव्यावाचून) धरून राहिला आहे. ज्या गावाला स्वतःची शीव आहे, नकाशा आहे, ज्याच्या जमिनीवर साराही आकारला जातो, पण जेथे रात्री दिवा लावायला कोणी मुक्कामाला नाही, ते गाव बेचिराख. विदर्भात अशा गावांच्या नावांपुढे ‘रीठ’ किंवा ‘रिठी’ लावलेले आढळते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे 43,600 गावांपैकी सुमारे 2,700 निर्जन आहेत. त्यांतील काही गावांत वस्ती कधी नव्हतीच, हेही ध्यानात ठेवावे.

तुमच्या गावाची वस्ती कशाने उठली, हे कागद पाहिल्यावाचून सांगता येणार नाही. 1630-32 चा दुष्काळ, 1802-04 मधील लुटालूट आणि तिच्या पाठोपाठचा दुष्काळ, 1876-78 चा दुष्काळ आणि 1896 नंतरची प्लेगची साथ या काळांत दख्खनमधील खेडी ओस पडली, हे खरे. तरीही एखादे लहान गाव एका रात्रीत नष्ट झाले असे मानण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. जुन्या पद्धतीत सरकारची मागणी एकेका शेतकऱ्यावर नव्हे, तर साऱ्या गावावर असे. त्यामुळे चार कुटुंबे परागंदा झाली की त्यांच्या वाट्याचा बोजा उरलेल्यांच्या डोक्यावर येई, आणि मग त्यांचेही पाय निघत. गढी, गावकूस आणि बारमाही विहीर असलेले मोठे गाव जवळ असेल, तर माणसे तेथे राहायला जात आणि शेत मात्र जुन्याच शिवारात कसत राहत. तुमच्या आजोळी असेच घडले असण्याचा संभव आहे.

राज्यकर्त्यांना अशी गावे परवडत नसत. वंश बुडालेल्या घराण्यांच्या ‘गतकुळी’ जमिनी दुसऱ्यांना देत, कौल, म्हणजे अभयाचे लेखी वचन, देऊन रयत परत बोलावीत, आणि इस्ताव्याने पहिल्या वर्षी अगदी हलका सारा घेऊन तो दरसाल चढवीत मुदतीअखेर पूर्ण करीत. म्हणून एकच गाव दोन-तीनदा ओस पडून पुन्हा वसले असेही आढळते.

शोध जमिनीवरून सुरू करावा. वस्तीची जागा ती ‘पांढर’ आणि पिकाची ती ‘काळी’. मातीच्या पडक्या भिंती, राख आणि शेणखत पिढ्यान्‌पिढ्या साचून वस्तीची माती फिकट होते, तेथे खापरे आणि जात्याचे तुकडे वर येतात. जवळच मारुतीचा ओटा किंवा बुजलेली विहीरही असू शकते. शिरूर तालुक्यातील इनामगावला अशाच पांढरीच्या टेकाडांखाली डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे मिळाली. ती वस्ती इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास उठली होती. तुमच्या शिवारात खापरे मुळीच नसतील, तर तेथे वस्ती होती की नुसतीच महसुली हद्द, अशी शंका घ्यावी.

त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणि आकारबंद (प्रत्येक शेताचे क्षेत्र आणि सारा यांची नोंद) काढावा. नकाशावर गावठाणाची जागा दाखवली असेल, तर निम्मे काम झाले. जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिका मागे मागे पाहत गेल्यास लोकसंख्येचा आकडा कोणत्या दशकात नाहीसा झाला हे कळते. पेशवाईतील माहिती पुणे पुराभिलेखागाराच्या दप्तरात मिळू शकेल. ती मोडी लिपीत असल्याने जाणकार सोबत न्यावा.

पांढरीवर मात्र स्वतः खणू नये. खताची म्हणून तिची माती गाड्या भरभरून शेतांत टाकण्याची जुनी रीत होती आणि तिने पुष्कळ पुरावा आधीच नाहीसा केला आहे. नांगराच्या फाळाला नाण्यांचा हंडा लागलाच, तर गुप्तधनाविषयीच्या 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.