घाटात टेम्परेचरचा काटा लालमध्ये जातो, पण पाणी उकळत नाही. इंजिनचं हेड उघडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1972 ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क 4, मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात काटा लालमध्ये, इगतपुरीला थांबून बघितलं तर पाणी जागेवर, वाफ नाही, वास नाही. मेकॅनिक म्हणतोय हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) गेलंय, उघडू या. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, "पेट्रोलचा काटाही हल्ली जास्तच दाखवतो, पण ते नंतर बघू."

नंतर नाही, आधी तेच बघा. हेडला हात लावू देऊ नका.

मी अंबडला इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो आणि घरी वडिलांची स्टॅंडर्ड हेराल्ड आहे, तुमच्या गाडीची मद्रासी मावसबहीणच. या गाड्यांमध्ये पेट्रोल आणि टेम्परेचर, दोन्ही काट्यांना बॅटरीचा करंट थेट जात नाही. डॅशबोर्डच्या मागे पत्र्याची एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ती सरासरी 10 व्होल्ट पुढे सोडते. आत तापून वाकणारी पट्टी असते, ती सारखी जोडते-तोडते. ही डबी बिघडली किंवा तिचं बॉडीशी अर्थिंग सुटलं की पट्टी तोडायचं काम बंद करते आणि काट्यांना पूर्ण 12 ते 14 व्होल्ट मिळतात. मग दोन्ही काटे एकदम वर. टाकीतलं पेट्रोल आणि इंजिनची उष्णता एकाच वेळी खोटं बोलायला लागली, तर दोघांना जोडणारा माणूस पकडायचा.

खात्री करायला टेस्ट लॅम्प डबीच्या 'आय' टर्मिनलला लावा, इग्निशन ऑन करा. दिवा लुकलुकला तर डबी जिवंत आहे. एकसारखा जळत राहिला तर दोष तिथेच. डिजिटल मल्टिमीटरवर आकडे उड्या मारतात आणि माणूस उगाच गोंधळतो, म्हणून साधा दिवा बरा. डबीच्या पत्र्यापासून बॉडीला एक तात्पुरती वायर जोडून बघा. तेवढ्यानेच लुकलुकायला लागला तर स्क्रूखालचा गंज खरवडा, काम संपलं. वायरिंगला हात लावायच्या आधीच संशय पक्का करायचा असेल तर रात्री गरम गाडी आयडलला ठेवून हेडलाइट लावा, म्हणजे व्होल्टेज थोडं पडेल. उभ्या गाडीत काटा चढायला हवा. तो हळूहळू उतरला तर तुम्ही तापमान नाही, व्होल्टेज बघताय.

डबी गेलीच असेल तर 7810 नावाची आयसी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळते. ती 10 व्होल्टच देते. तिची धातूची पाठ बॉडीला कसली की अर्थिंगही झालं. तुमची मार्क 4 निगेटिव्ह अर्थची आहे (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला), म्हणून हे चालतं. पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या गाडीत ही आयसी अशी लावू नका.

डबी ठीक निघाली तर मग सेंडर, म्हणजे पाण्याचं तापमान काट्याला कळवणारा इंजिनावरचा सेन्सर. थंड इंजिनवर तो काढा, टोक पातेल्यातल्या पाण्यात बुडवा, टर्मिनल कोरडं ठेवा आणि पाणी तापवत मल्टिमीटरवर ओहम (रोध) बघा. आकडा सलग उतरत गेला पाहिजे, मध्येच उडी नको. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी साधारण 98 अंशांवरच उकळतं, 100 ची वाट बघत बसू नका. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. सेंडरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं.

आता मेकॅनिकच्या बाजूनेही एक गोष्ट. काटा खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत घाट चढू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या (कोरोनात कपाळावर धरायचो तो नाही, तो एवढं मोजतच नाही). थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा, कारण चकचकीत धातूवर आकडा कमी येतो. थर्मोस्टॅट 82 अंशांचा असेल तर गरम झालेल्या इंजिनला त्याच्या आसपासचा आकडा दिसेल. तिथेच 100 च्या वर दिसलं तर मात्र काटा बरोबर होता. तेव्हाही सुरुवात फॅनबेल्ट, रेडिएटर कॅपचं रबर आणि चोंदलेला रेडिएटर यांच्यापासून करा, आणि कॅप इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा.

टेस्ट लॅम्पने काय दाखवलं ते खाली लिहा, पुढचं त्यावर सांगतो.