पाकिटावरचं नाव बदललं, माल बनावट आहे का?

प्रश्न (दौंड तालुक्यातून): साहेब, गेल्या वर्षी आडसाली उसाच्या बेण्याला ॲसिटोबॅक्टर आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं लावली होती. यंदा पाकिटांवर ‘ग्लुकोनॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस’ आणि ‘प्रिस्टिया मेगाटेरियम’ असं छापलंय. पीएसबीवर आधी ‘बॅसिलस’ होतं. दुकानदार म्हणतो, नवीन शोधाचे जिवाणू आहेत, म्हणून पाकिटामागे चाळीस रुपये जास्त. घेऊ का?

उत्तर: तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. नावावरून तरी माल बनावट म्हणता येणार नाही, आणि नवीन तर मुळीच नाही. जिवाणू तेच आहेत. बारशाचे चाळीस रुपये देऊ नका.

जिवाणूच्या नावातला पहिला शब्द आडनावासारखा असतो, दुसरा त्याचा स्वतःचा. ‘मेगाटेरियम’ तसंच आहे पाहा, फक्त आडनाव बदललंय. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली काडीसारखा दिसला आणि बीजाणू धरतो म्हटलं, की घाल बॅसिलसमध्ये, असा कारभार होता. पण गावातले सगळे पाटील काही भाऊबंद नसतात. आता शेकडो जनुकं ताडून वंशावळ मांडतात. तशी मांडल्यावर मेगाटेरियमची भावकी निराळी निघाली आणि २०२० साली त्याला प्रिस्टियात घातलं. उसातला जिवाणू १९८८ मध्ये ब्राझीलला सापडला. तो उसाच्या आत राहून हवेतला नत्र धरतो. १९८९ मध्ये तो ॲसिटोबॅक्टर ठरला, पुढे ग्लुकोनॲसिटोबॅक्टर. आपण अजून जुन्याच नावाने हाक मारतो, त्यात काही बिघडत नाही.

खरोखर नवा जिवाणू सापडला तर? डीएनए ओळखीच्या जिवाणूंशी सरासरी ९५-९६ टक्क्यांपेक्षा कमी जुळला, तर तो वेगळा धरतात. मग नमुना निदान दोन देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो. आपल्या पुण्यात एनसीएमआर या राष्ट्रीय सूक्ष्मजीव केंद्रात असा संग्रह आहे. पण वेगळा ठरला म्हणजे पिकाला उपयोगी ठरला, असं नाही. त्याला शेतावरच्या चाचण्या लागतात.

तुम्ही पाहायचं ते वेगळंच. भुकटीत ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूपात मिलिलिटरमागे १० कोटी. शिवाय अंतिम तारीख. आणि खरं सांगू का, मला काळजी वाटली ती तिसऱ्या फोटोची. पाकिटं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर भर उन्हात ठेवलीत! आत जिवंत माल आहे. घरात थंड कोपऱ्यात ठेवा, खतं-औषधांपासून लांब.

बुरशीनाशकाची बेणेप्रक्रिया आधी उरका. टिपरी सावलीत सुकवा. मग हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी १०० लिटर पाण्यात कालवून टिपरी ३० मिनिटं बुडवा आणि लगेच लागण करा. बुरशीनाशकाचं आणि जिवाणूंचं द्रावण एकाच पिंपात करू नका, बुरशीनाशकाचं पिंप निराळं ठेवा. पक्की पावती मागा, तिच्यावर बॅच नंबर लिहून घ्या.